मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर तेवढंच, मग जायला सोळा तास आणि यायला चौदा का?

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. भारतानेही त्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली आणि ही बंदी महिन्यामागून महिना वाढत गेली. अमेरिका-कॅनडाला जाणाऱ्या काही भारतीय विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधन भरायला उतरावं लागलं. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या सांगली-मिरजेच्या, कराड-साताऱ्याच्या आईवडिलांना तेव्हापासून एक प्रश्न सतावतोय. मुंबई जागची हलली नाही, न्यूयॉर्कही नाही. मग वेळ कसा बदलतो?

याचं उत्तर किलोमीटरमध्ये नाही. दोन शहरांमधलं अंतर हा प्रवासातला एकमेव पक्का आकडा आहे, आणि वेळ ठरवताना तो एकटा फारसा कामाला येत नाही. वारा कुठून वाहतोय, कोणत्या देशावरून जायला परवानगी आहे आणि तिकिटावरची घड्याळं कुठल्या गावची आहेत, हे त्यासोबत पाहावं लागतं. सोयीसाठी सगळीकडे मुंबई-न्यूयॉर्कचं उदाहरण घेऊ. तीच रीत लंडन, टोरांटो, सिडनी कशालाही लागू पडते.

सगळ्यात जवळची वाट नकाशावर वाकडी दिसते

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. या रेघेने खरोखर विमान नेलं तर सुमारे १४,२०० किमी भरतील. सगळ्यात जवळची वाट मात्र १२,५०० किमीच्या आसपास आहे. म्हणजे 'सरळ' रेघ तब्बल १,७०० किमी लांबची, जवळपास दोन तासांची.

दोष नकाशाचा आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायची तर कुठेतरी ताणावी लागते. भिंतीवर बहुधा दिसणारा नकाशा मर्केटरने १५६९ मध्ये काढलेल्या पद्धतीचा असतो आणि त्यात ध्रुवांकडचा भाग फार ताणला जातो. त्यात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं, पण आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट मोठी आहे.

घरात पृथ्वीगोल असेल तर पाच मिनिटांत खात्री करता येते. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, मग स्कँडिनेव्हिया, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि पुढे कॅनडावरून न्यूयॉर्क. भूगोलाच्या पुस्तकात याला बृहत्‌वृत्त म्हणतात: पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणारं वर्तुळ. गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट नेहमी अशा वर्तुळाचा तुकडा असते. मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानाचं नाक पश्चिमेला नसतं. जवळची वाट धरायची तर ते उत्तरेच्या थोडं पश्चिमेला, सत्तावीस अंशांवर ठेवावं लागतं.

संकेतस्थळांवर 'अंतर' म्हणून जो आकडा दिसतो तो या दोऱ्याचा. विमान तेवढंच उडेल असा त्याचा अर्थ नाही.

मग विमान दोऱ्यावरूनच जातं का?

नाही, आणि दोऱ्यावरचे पहिलेच देश वाचले तर कारण कळतं. पाकिस्तानची हद्द बंद झाली की भारतीय विमानाला आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला जाऊन मग उत्तरेकडे वळावं लागतं.

इथे एक बारकावा तिकीट काढताना उपयोगी पडतो. ही बंदी विमान कोणत्या देशाचं आहे यावर ठरते. पाकिस्तानची बंदी भारतीय विमानांना आहे, जर्मन किंवा आखाती कंपन्यांना नाही. उलट रशियाने २०२२ पासून युरोपीय संघ, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा यांच्या कंपन्यांना हद्द बंद केली आहे, ती भारतीय कंपन्यांना लागू नाही. म्हणून त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसतात आणि दोन्ही बरोबर असतात. फिनलंडच्या कंपनीचं हेलसिंकी-टोकियो विमान पूर्वी नऊ-साडेनऊ तासांत पोचायचं. रशिया बंद झाल्यावर ते उत्तर ध्रुवाकडून वळसा घालून तेरा तास घेऊ लागलं.

राजकारणाखेरीज भूगोलही आडवा येतो. तिबेटच्या पठारावरून प्रवासी विमानं शक्यतो जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला झटपट सुमारे तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण पंधरा-वीस मिनिटांपुरता असतो. तिबेटची जमीनच चार-साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. खाली यायला जागाच नाही. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाने, एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या वेळेत गाठता येईल असा विमानतळ कायम आवाक्यात ठेवायचा असतो. महासागर आणि ध्रुवाजवळच्या वाटा हे पाहूनच आखतात.

जाताना उशीर, येताना लवकर: हा वाऱ्याचा हिशेब

प्रवासी विमान साधारण १० ते १२ किमी उंचीवरून उडतं. तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. वेग ताशी शंभर ते दोनशे किमी सहज असतो, हिवाळ्यात कधी तीनशेच्याही पुढे जातो.

सांगलीच्या घाटावरून हरिपूरच्या संगमाकडे होडी सोडली, तर कृष्णेचं पाणीच तिला ओढून नेतं. तीच होडी, तोच नावाडी, तेवढ्याच ताकदीने वल्ही मारत परत आणायची तर घाम निघतो. होडीचा वेग पाण्याच्या तुलनेत तेवढाच राहतो, काठाच्या तुलनेत बदलतो. विमानाचंही असंच आहे. हवेच्या तुलनेत त्याचा वेग ताशी ९०० किमीच्या आसपास ठरलेला असतो. जमिनीच्या तुलनेत किती, ते वारा ठरवतो.

आकड्यात पाहू. अंतर ७,२०० किमी धरा, साधारण मुंबई-लंडनएवढं. वारा नसेल तर ताशी ९०० ने जायला आठ तास, यायला आठ तास, एकूण सोळा. आता सगळ्या वाटेवर ताशी १०० किमीचा पश्चिमेचा वारा आहे असं माना. जाताना जमिनीवरचा वेग ८००, म्हणून नऊ तास. येताना १,०००, म्हणून सात तास बारा मिनिटं. एकूण सोळा तास बारा मिनिटं. जाताना गेलेला वेळ येताना पुरता भरून निघत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं आणि अनुकूल वाऱ्यात कमी.

न्यूयॉर्कच्या बाबतीत हाच फरक दीड-दोन तासांचा होतो. हिवाळ्यात वाढतो, उन्हाळ्यात कमी होतो. आपल्याकडचा एक जेट प्रवाह हिवाळ्यात उत्तर भारतावरून, हिमालयाच्या दक्षिणेने वाहतो. मान्सून यायच्या सुमाराला तो हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर, आणखी उंचावर, उलटा म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह तयार होतो. हा पूर्वेचा प्रवाह भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिला. ज्या बदलाची वाट जत-आटपाडीचा शेतकरी खाली पाहत असतो, त्याच बदलाने वर विमानांच्या वेळा हलतात.

वाऱ्याची ताकद किती, याचं बोलकं उदाहरण ऑक्टोबर २०१६ चं आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किमीच्या वाटेने जायचं. मग ते उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून, सुमारे १५,३०० किमीच्या वाटेने नेलं. चौदाशे किमी जास्त, तरीही जवळपास दोन तास आधी पोचलं. कारण आता सगळ्या वाटेवर वारा पाठीशी होता. अंतर पाहून वेळ ठरवू नये, ते यासाठी.

फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळी रात्री न्यूयॉर्कहून निघालेलं प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. एरवी सहा तासांच्या वर लागतात. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या पुढे गेला होता. आवाजाचा वेग मात्र त्याने ओलांडला नव्हता, कारण तो हवेच्या तुलनेत मोजतात आणि इथे हवाच पळत होती.

"पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो ना?"

हा समज फार पसरलेला आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाताना न्यूयॉर्क समोरून येईल आणि प्रवास लवकर संपेल, असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं घडतं.

सांगलीच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,६०० किमी वेगाने पूर्वेकडे जाते. तिच्यासोबत तिथली हवा, झाडं, माणसं आणि धावपट्टीवर उभं विमान, सगळं त्याच वेगाने जात असतं. विमान वर उठलं म्हणून तो वेग गळून पडत नाही. तसं असतं तर सांगलीवर तासभर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर अरबी समुद्रात उतरलं असतं.

तरी पृथ्वीच्या फिरण्याचा आडून संबंध आहे. विषुववृत्तावर जमीन आणि हवा ताशी सुमारे १,६७० किमीने पूर्वेकडे जातात, तीस अंश उत्तरेला १,४५० च्या आसपास. विषुववृत्ताकडची हवा वर चढून उत्तरेकडे सरकली की ती खालच्या जमिनीपेक्षा पूर्वेकडे जोरात धावते. उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांचं हे एक मोठं कारण. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याने वारा घडतो आणि विमानाची वेळ वारा बदलतो.

"वेग वाढवून वेळ भरून का काढत नाहीत?"

थोडा वाढवतात, फार वाढवता येत नाही. मोठी विमानं आवाजाच्या वेगाच्या ८४-८५ टक्क्यांवर उडतात. त्यापुढे हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि इंधन भराभर जळतं. बोइंग ७७७ सारखं विमान तासाला सात-आठ टन इंधन खातं. जास्त इंधन घेऊन निघावं तर ते वजन वाहून नेण्यातच त्यातलं बरंचसं संपतं. लांबचा वळसा पडला की कंपनीपुढे दोनच मार्ग उरतात: माणसं-सामान कमी घ्यायचं किंवा वाटेत उतरून इंधन भरायचं. व्हिएन्नाचा थांबा आला तो यातून. वैमानिकांच्या कामाच्या तासांनाही कायद्याने मर्यादा आहे, आणि लांबलेल्या प्रवासात तीही आड येते.

तिकिटावरची घड्याळं कशी वाचायची

तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचण्याच्या गावची. दोन्हींची थेट वजाबाकी केली की हमखास चुकतं. आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणायच्या.

न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. लंडन हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. दुबई बाराही महिने दीड तास मागे. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. ब्रिटन आणि युरोपात तेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. म्हणून मार्चचे दोन-तीन आठवडे अमेरिकेचं घड्याळ बदललेलं असतं, लंडनचं नसतं. वाटेत लंडनला विमान बदलायचं असेल तर या दिवसांत जास्त जपून हिशेब करा.

जानेवारीतलं नमुन्याचं तिकीट घेऊ. मुंबईहून ०२:०० ला निघून न्यूयॉर्कला त्याच तारखेला ०७:३० ला पोचणार. वरवर साडेपाच तास. साडेसातमध्ये साडेदहा मिळवा, भारतात संध्याकाळचे सहा वाजलेत. दोनपासून सहापर्यंत सोळा तास. परतीला न्यूयॉर्कहून दुपारी १३:०० ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी १३:३० ला. निघताना भारतात रात्रीचे साडेअकरा होते, म्हणजे प्रवास चौदा तासांचा. पोचायच्या वेळेपुढे '+१' असं छापलेलं असतं, ते दुसऱ्या दिवसाचं.

हे सोळा तास निव्वळ उडण्याचे नाहीत. विमान जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून पोचल्यावर जागेवर थांबेपर्यंतचा काळ कंपन्या मोजतात. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं त्यातच येतं, आणि उशीर झाला तर सावरायला थोडा वेळ आधीच मिळवलेला असतो. विमान अर्धा तास उशिरा सुटूनही वेळेवर पोचतं ते यामुळे. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी कंपन्यांची वेळापत्रकं बदलतात. सहा महिने आधी काढलेलं तिकीट असेल तर वेळ पुन्हा तपासा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. तिकिटावर '१५ जानेवारी, ०२:००' आहे. घरात ठरतं की १४ ला संक्रांत करू आणि १५ ला निघू. पण १५ तारखेचे पहाटेचे दोन म्हणजे संक्रांतीचीच रात्र. १५ ला सकाळी घरातून निघाल तेव्हा विमान जाऊन कित्येक तास झाले असतील.

सांगलीच्या दारापासून

याच तिकिटासाठी उलटा हिशेब मांडू. बऱ्याच कंपन्यांचे सामान घेण्याचे काउंटर सुटायच्या ६० ते ९० मिनिटं आधी बंद होतात. नंतर कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नसतो. इमिग्रेशनची रांग धरून साडेतीन तास आधी, म्हणजे १४ ला रात्री साडेदहाला विमानतळावर पोचायला हवं. सांगली ते मुंबई रस्त्याने ३७५-३९० किमी, जेवणखाण धरून आठ तास. त्यावर दोन तास राखीव: खंबाटकी किंवा खंडाळा घाटातली कोंडी, पुण्याचा बाह्यवळण रस्ता, मुंबईत शिरतानाची गर्दी. म्हणजे सांगलीतून दुपारी साडेबाराला निघायचं. साताऱ्याहून अंतर अडीचशे किमीच्या आसपास, म्हणून तिथून अडीच वाजता निघालं तरी चालेल. पावसाळ्यात राखीव वेळ दुप्पट ठेवा.

विमान कोणत्या विमानतळावरून आहे तेही पाहा. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून 'मुंबई' एवढ्यावर भागत नाही. तिकिटावर बीओएम असेल तर जुना, एनएमआय असेल तर नवी मुंबईचा. नवी मुंबईचा आपल्याकडून जाताना आधी लागतो, पण चुकून तिथे पोचलात तर रात्रीही तासाभराहून जास्त वेळ जाऊ शकतो.

कोल्हापूरहून विमानाने मुंबई गाठायची कल्पना चांगली आहे, मात्र एका अटीवर: दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर हवेत. वेगवेगळी तिकिटं असतील तर कोल्हापूरचं विमान रद्द झाल्यावर अमेरिकेच्या विमानाची कंपनी जबाबदार राहत नाही, आणि मुंबईत सामान घेऊन पुन्हा जमा करावं लागतं. शिवाय २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. जुलै-ऑगस्टमध्ये या वाटेवर भरवसा ठेवू नये. महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईला सकाळी पोचवते. रात्रीच्या विमानासाठी अख्खा दिवस मुंबईत काढावा लागेल, पण वयस्कर माणसांना घाईपेक्षा ते बरं.

थेट घ्यावं की थांबा असलेलं?

थांबा घेतला की फार लांबून जावं लागतं, असं वाटतं. दुबईच्या बाबतीत ते खरं नाही. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किमी, दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,०२० किमी. बेरीज थेट अंतरापेक्षा जेमतेम चारशे किमी जास्त, म्हणजे अर्धा तास. बाकीचा सगळा वेळ जातो तो विमानतळावर बसण्यात. म्हणून तुलना करताना किलोमीटर पाहू नका, थांब्याचे तास पाहा. दीड तासाचा थांबा कागदावर छान दिसतो, पण पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं की मोठ्या विमानतळावर दुसरं गाठणं अवघड होतं. आखातात अडीच-तीन तास सोयीचे.

अमेरिकेतच विमान बदलायचं असेल तर निदान तीन तास ठेवा. पहिल्या अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशन होतं आणि तिथेच सामान पट्ट्यावरून उचलून, कस्टम पार करून पुन्हा जमा करावं लागतं, मग पुढचं तिकीट कुठलंही असो. अबू धाबीमार्गे गेल्यास बऱ्याच विमानांचं अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच उरकतं, त्यामुळे तिथला थांबा मात्र लांब हवा.

'डायरेक्ट' या शब्दावर विसंबू नका. एकाच क्रमांकाचं विमान वाटेत उतरून पुढे जात असेल तरी त्याला डायरेक्ट म्हणतात. कुठेच न उतरणारं हवं असेल तर एजंटला 'नॉनस्टॉप आहे का' असंच विचारा, आणि इंधनासाठी वाटेत उतरतं का, हेही विचारा. चाकाची खुर्ची हवी असेल तर ती तिकिटावर त्याच वेळी नोंदवून घ्या. थांबा असेल तर मधल्या विमानतळासाठीही नोंद झाली आहे ना, हे पाहून मगच पैसे भरा.